ऊबदार कोपऱ्यातली पेटी

दासोम ऑफिसच्या प्रशिक्षणासाठी जेजू बेटावर निघाली तेव्हा फ्रिजवर कागद चिकटवून गेली. 'गरम बाजू ३२. गार बाजू २६. पाणी रोज बदलायचं. बाकी कशालाही हात लावायचा नाही.' शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा. माझी मुलगी मला ओळखून आहे.

नुरुंगजी म्हणजे भांड्याच्या तळाला धरलेली भाताची खरपुडी. सापाचा रंग तसाच, म्हणून तिनं त्याचं नाव तेच ठेवलंय. मनगटाएवढा जाड, विष नाही म्हणे. विषाचं सोडा, मला त्याच्या कधीच न मिटणाऱ्या डोळ्यांची भीती वाटते. दोन महिन्यांपूर्वी ती त्याला काचेच्या पेटीत घेऊन माझ्याकडे राहायला आली, तेव्हापासून त्या खोलीत मी पाठ भिंतीला लावूनच केर काढते.

पण खरी भीती वेगळीच होती. दासोम नऊ वर्षांची असताना, ती शाळेत गेलेली पाहून मी तिचं कुत्रं माझ्या दिराला देऊन टाकलं होतं. केस फार गळायचे. ती रडली नाही, भांडली नाही. अठराव्या वर्षी घराबाहेर पडली आणि पुढची दहा वर्षं फक्त सणासुदीला आली. आता कुठे परत आलीय. आणि पहिल्यांदाच एक जिवंत गोष्ट माझ्या भरवशावर सोडून गेलीय.

तिसऱ्या दिवशी आमच्या चुनचॉनमध्ये उणे अठरा झालं. सकाळी पाहिलं तर गरम बाजूचा आकडा २७. पेटीखालची विजेची गादी तापली होती, थर्मोस्टॅटचा लाल दिवाही लागलेला होता. पण पेटी बाहेरच्या भिंतीला टेकून, आणि भिंत बर्फासारखी. दासोमला पुन्हा पुन्हा फोन लावला. बंद. तिच्या प्रशिक्षणात सकाळीच फोन काढून घेतात आणि जेवणाच्या सुट्टीत देतात.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या माल्सुनताई माझ्या किमचीचा, म्हणजे कोबीच्या लोणच्याचा, रिकामा डबा परत करायला आल्या. दारातूनच डोकावल्या.

"अगं दासोमच्या आई, बिचाऱ्याला भिंतीला काय उभं केलंयस! शिक्षा दिलीयस की काय?"

"मग काय करू ताई? आकडा उतरतोय."

"गारठलेल्या माणसाला काय करतो आपण? ऊबदार कोपऱ्यात घेतो."

आमच्याकडे बॉयलरचं गरम पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून फिरून घर तापवतं; ते जिथे आधी येतं, तो कोपरा. पाहुण्याला तिथे बसवायचं. उशिरा येणाऱ्याची भाताची वाटी तिथे रजईत गुंडाळून ठेवायची. दासोम येणार नसायची त्या दिवशीसुद्धा मी कितीतरी वर्षं तिची वाटी तिथे ठेवली आहे. त्यामुळे ताईंचं म्हणणं मला लगेच पटलं.

"झाकण घट्ट धरा हं, ताई."

"मी डोळेच मिटलेत. तू फक्त सांग, पाय कुठे टाकू."

"हलला! तो हलला!"

"मग मला कशाला सांगतेस, मेले!"

किंचाळत, धडपडत आम्ही पेटी कोपऱ्यात ठेवली. गादीची वायर पुन्हा लावली, वरून माझी जाड रजई घातली आणि बॉयलर दोन घरं वाढवला. मग मी बाजारातल्या माझ्या दुकानात कोबी मिठात घालायला गेले. जाताना स्वतःवर खूश होते, हे कबूल करते.

बाराच्या सुमारास घरी आले. चपला काढतानाच आवाज ऐकू आला. टक. टक. रजईखालून.

रजई ओढली. काच आतून घामेजलेली. पाण्याचं भांडं उलटं पडलेलं. नुरुंगजी तोंड उघडं टाकून नाक काचेवर आपटत होता, नाकपुडीजवळ रक्त. गरम बाजू ४१. गार बाजू ३८. आणि थर्मोस्टॅटचा लाल दिवा विझलेला. त्या डबीनं आपलं काम चोख केलं होतं, गादी केव्हाच बंद केली होती. पण आमची जमीन तिच्या ताब्यात थोडीच होती!

 मनात एकच वाक्य: ती म्हणणार, आई, तू मुद्दाम केलंस.

"ताई! खाली या!" मी जिन्यात ओरडले.

ताई आल्या आणि थेट सोफ्यावर चढल्या. "खिडकी उघड! गार वारा लागू दे!"

"उणे अठरात? मरेल तो!"

फोन वाजला. दासोम. "आई, सकाळी नऊ वेळा फोन? काय झालं?"

खोटं जिभेवर तयार होतं. वीज गेली होती, डबी बिघडली. मी ते गिळलं. "मी पेटी कोपऱ्यात ठेवली. जमिनीवर. रजई घालून. एकेचाळीस झालंय."

 तिचा आवाज कोरडा झाला. "त्याला बाहेर काढ. आत्ता."

"चिमट्यानं?"

"हातानं, आई."

पेटीचं झाकण सरकवलं. गरम वाफारा तोंडावर आला. डोळे मिटावेसे वाटले, पण माल्सुनताईंनी आधीच मिटलेले होते. दोघींनी मिटून कसं चालेल! मी दोन्ही हात आत घातले. तो वळला, माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्याला मधोमध उचललं. भाजलेल्या रताळ्यासारखा गरम.

"घेतला! आता?"

"पोट बघ. भाजून लाल झालंय?"

"गुलाबी झालंय. तळहाताएवढा पट्टा."

तिचा श्वास ऐकू आला. "गार पाण्यात घालू नकोस. त्याला तसंच धर. तुझे हात कायम गार असतात."

कोबी धुऊन धुऊन. लहानपणी वेणी घालताना मानेला हात लागला की ही ओरडायची.

तिनं तिथूनच सापांच्या डॉक्टरला फोन केला; ते चार वाजता घरी येणार. बॉयलर बंद केला, पेटी खोलीच्या मध्यावर खुर्चीवर ठेवली. मी जमिनीवर बसून राहिले. ताई हळूहळू सोफ्यावरून उतरल्या आणि मला चमच्यानं भात भरवू लागल्या, हात शक्य तितका लांब करून.

"तोंड मिटलंय गं त्याचं. जिवंत आहे ना?"

मला माहीत नव्हतं. तो मनगटाभोवती गुंडाळून गप्प पडला होता. मी घास तसाच तोंडात धरून बसले.

मग जीभ बाहेर आली. एकदाच, काळी, दोऱ्याएवढी.

फोन पुन्हा वाजला. ताईंनी माझ्या कानाला लावला.

"पेटीत किती आहे?"

"एकोणतीस. उतरतंय."

"तिकीट मिळालंय. आठला पोचते." मग म्हणाली, "आई, सोडू नकोस त्याला."

"नाही सोडत," मी म्हणाले. माझे हात अजून गार होते, आणि त्याला ते कळत असणार.