तो आवाज माझा होता

मी एक जुनी काथ्याची चटई आहे. खेळणारी पोरं मला मॅट म्हणायची आणि मलाही तेच नाव आवडायचं, कारण चटई म्हटलं की लोक लगेच माझ्यावर बसायला येतात. मित्रांनो, मी बसायची नव्हे, क्रिकेट खेळायची आहे! शेवगावच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात अशा भेगा पडायच्या, की टप्पा पडलेला चेंडू कुठे जाईल याचा नेम नसायचा. म्हणून शाळेने १९४० साली मला मुंबईहून मागवलं. नगर स्टेशनपासून पुढे मी बैलगाडीतून आले आणि वाटभर धूळ खाल्ली.

मला अंथरायचं, कडेने लोखंडी खिळे ठोकून ताणायचं आणि खेळ संपला की झटकून गुंडाळायचं, हे काम शांतवन मास्तरांचं. ते शाळेत भूगोल शिकवायचे आणि सामन्यात अंपायर म्हणून उभे राहायचे. त्यांनी बोट वर केलं की फलंदाज मुकाट्याने चालू लागायचा. काष्टीची, घोडेगावची मंडळी निरोप धाडायची, "मास्तर उभं ऱ्हानार हायेत ना? मग आमी येतो." ते ऐकून मीसुद्धा उगाच जरा ताठ व्हायचे.

पण सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात मला एक गोष्ट कळली. मास्तरांच्या बायको रेबेकाबाई दाभण आणि सुतळी घेऊन माझी उसवलेली कड शिवत होत्या. त्यांचा मुलगा फिलिप मला धरून बसला होता. तो शेवगावचा कप्तान आणि यष्टिरक्षक.

"यंदा बाबांना उभं राहू देऊ नकोस," रेबेकाबाई हळूच म्हणाल्या. "तापात डावा कान गेला, आता उजवाही कमी झालाय. चेंडू बॅटीला लागलेला त्यांना ऐकू येत नाही."

"मग ते झेलबाद देतात कसं?"

"तुझ्याकडे बघून. मला म्हणाले, फिलिप ओरडला म्हणजे लागलाच असणार. तो खोटं ओरडायचा नाही."

मास्तरांना हे सांगायचं धाडस त्या घरात कुणाला झालं नाही, आणि आठ दिवसांनी घोडेगावचा संघ आला.

सामना रंगला. घोडेगावची शेवटची जोडी खेळत होती आणि त्यांना नऊ धावा हव्या होत्या. समोर होता शमशेर, घोडेगावच्या बाजारात बैलांना नाल ठोकणारा उंचापुरा गडी. चेंडू बराच बाहेरून आला. शमशेरने हात लांबवून बॅट फिरवली, ती चेंडूला चुकली आणि तिचं टोक माझ्या कडेच्या खिळ्यावर आदळलं. खट्! चेंडू फिलिपच्या हातात गेला. सगळं शेवगाव ओरडलं आणि त्या भरात फिलिपही ओरडला. मास्तरांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं आणि बोट वर केलं.

मित्रांनो, तो आवाज माझा होता! मला गळा असता तर मी बोंब मारली असती.

शमशेर क्षणभर थांबला, मग बॅट काखेत घालून निघाला. घोडेगावकर मात्र खवळले. "बाप-लेकाचा खेळ हाय ह्यो!" कुणीतरी ओरडलं. "एक वराडतो, दुसरा बोट दावतो!" मास्तरांना ते ऐकू आलं नाही. ते शांतपणे यष्ट्या उपटायला वाकले होते. फिलिपची नजर माझ्या खिळ्यावर गेली. खिळा वाकला होता आणि त्याला बॅटीचा ताजा ढलपा चिकटला होता.

तो धावत सुटला. शमशेर मैदानाबाहेर जाण्याआधी त्याने त्याचा हात धरला. "माघारी चल. चेंडू बॅटीला लागला नाही." मग तो मास्तरांकडे आला. "बाबा, माझं चुकलं!"

"काय?" मास्तर म्हणाले.

"बॅट खिळ्याला लागली, चेंडूला नाही!"

"काय म्हणतोस?"

तेव्हा फिलिपने वाकून त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं, "बाबा, मी खोटं ओरडलो!"

सगळ्यांना सगळं कळलं. आरडाओरडा थांबला. मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली. "शमशेर, ये बाळा, खेळ," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही. हे मी आधीच सांगायला हवं होतं. आता दुसरा कुणी उभा करा." मला फार वाईट वाटलं.

"मास्तर, तुमी हलू नगा," शमशेर म्हणाला. "चेंडू बॅटीला लागला तर मीच सांगीन."

मास्तर पुन्हा आपल्या जागी उभे राहिले. शमशेरने दोन चौकार मारले. आता बरोबरी झाली होती, एकच धाव हवी होती. पुढचा चेंडू आत आला आणि फिलिपच्या हातात विसावला. आवाज आला नाही. कुणी ओरडलं नाही, फिलिपसुद्धा नाही. मास्तर स्तब्ध उभे होते.

शमशेर चालत निघाला. तो फिलिपकडे गेला नाही की आपल्या लोकांकडे गेला नाही. बावीस यार्ड चालून तो थेट मास्तरांसमोर आला, त्यांच्या उजव्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "मास्तर, लागला. बारीक लागला."

मास्तरांनी बोट वर केलं. दुसऱ्या हाताने त्यांनी शमशेरचा खांदा घट्ट धरून ठेवला होता.

आता मी शाळेच्या अडगळीत आहे. उंदरांनी माझी एक बाजू कुरतडली आहे. कधी आठवण झाली तर मला उन्हात टाका, झटका, एवढंच माझ्यासाठी मागते. पण खेळताना ज्याच्या निकालावर तुम्ही विसंबता, तोही तुमच्यावर विसंबलेला असतो. मित्रांनो, त्याला लांबून ओरडून फसवू नका. जवळ जा आणि खरं काय झालं ते त्याच्या कानात सांगा.