डाव्या अंगावरचे सात ओरखडे

मी एक जुनी, राखाडी मोटार आहे. माझ्या डाव्या अंगावर सात ओरखडे आहेत आणि उजव्या अंगावर एकही नाही. मित्रांनो, हा फरक लक्षात ठेवा. माझी सगळी गोष्ट त्यातच आहे.

अठरा वर्षांपूर्वी रत्नाकररावांनी मला बंगळूरच्या राजाजीनगरातल्या घरी आणलं. ते एका सरकारी संशोधन संस्थेत अभियंते होते. त्यांच्या पत्नीने, अलकाताईंनी, माझ्यावर हळदकुंकू वाहिलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. "विज्ञानाचा माणूस आणि लिंबू!" म्हणून रत्नाकरराव हसले, पण चाक त्यांनी नेमकं लिंबावरूनच नेलं.

ती माझी सुखाची वर्षं. दर रविवारी आंघोळ, महिन्यातून एकदा पॉलिश. "गाडी ठेवावी तर यांनी," असं शेजारी म्हणत. अलकाताई गाडी चालवायला शिकल्या नाहीत. त्या डाव्या सीटवर बसत आणि रस्ता बोलून दाखवत. "डावीकडून ऑटो. डावीकडे सायकल." रत्नाकरराव त्यांना "आमच्या कंडक्टरबाई" म्हणत. चेष्टेतून सुरू झालेली ही सवय पुढे दोघांनाही जाणवेनाशी झाली.

मग ओरखडे आले. पहिला भाजीच्या हातगाडीचा, दुसरा आमच्याच फाटकाचा. दोन वर्षांत सात. सातही वेळा अलकाताई गाडीत नव्हत्या. हे माझ्याशिवाय कोणी ताडून पाहिलं नाही.

गेल्या मार्चमध्ये रत्नाकरराव डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आले. त्यांनी माझ्या आत बसून एक कागद हलक्या आवाजात वाचला. काचबिंदू. डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली आहे, उजव्यालाही सुरुवात आहे. वाहन चालवू नये. त्यांनी कागदाची चौघडी केली आणि समोरच्या कप्प्यात, प्रदूषणाच्या जुन्या दाखल्यांखाली सरकवली.

का लपवलं? त्याचं कारण माझ्या डाव्या दाराच्या खिशात होतं. अलकाताईंच्या दम्याचा पंप. घरासमोरचा रस्ता तीन वर्षं खोदलेला होता. धूळ पडद्यांतून आत येई. पूर्वी दिवसातून एकदा लागणारा पंप आता सहा वेळा लागे. धुळीपासून दूर राहायला जा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जे. पी. नगरला दोन घरं पाहिली. तिथेही तीच धूळ.

शेवटी खंडोजी भेटला. घरं दाखवणारा, तीन पिढ्या बंगळूरचा मराठा. एका शनिवारी सकाळी तो आम्हाला दोड्डबळ्ळापूर रस्त्याने शहराबाहेर घेऊन गेला. वाट दाखवायला तो पुढे बसला आणि अलकाताई मागे. डावी बाजू आज कोण बोलणार?

घर सुंदर होतं. समोर चाफा, मागे द्राक्षाचे मळे. अलकाताई अंगणात उभ्या राहिल्या आणि त्यांनी खोल श्वास घेतला. तो मध्ये कुठे अडकला नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "पंप गाडीतच राहिला की! आठवणसुद्धा झाली नाही."

रत्नाकररावांचे डोळे भरून आले. "घेऊया," ते लगेच म्हणाले.

"बस कुठून मिळते इथं?" अलकाताईंनी विचारलं.

"बस कशाला, अक्का? गाडी हाय न्हवं? दुकानाला गाडी, दवाखान्याला गाडी. सगळं अर्ध्या तासावर."

"आणि ड्रायव्हर ठेवला तर?"

"येतेत, पन टिकत न्हाईत. टॅक्सीवालं येतो म्हनून क्यान्सल करतेत." खंडोजी हसला. "पन अण्णा हायेत की चालवायला!"

मला ओरडावंसं वाटलं. माझ्याजवळ फक्त हॉर्न होता आणि तो वाजवायलाही माणसाचाच हात लागतो. दम्याचा झटका आला तर या अनोळखी रस्त्यावर यांना मीच न्यायचं. डावीकडे नजर नाही आणि डावीकडे बोलणारीचा श्वास कोंडलेला. या गणिताचं उत्तर मला येत होतं. ते सांगायला तोंड नव्हतं.

परत निघालो. वसाहतीच्या फाटकाशी मोठा पांढरा खांब होता.

"अण्णा, स्वल्प उजवीकडं... अण्णा!"

माझा डावा आरसा फुटला, दार चेपलं. कोणाला लागलं नाही. पण अलकाताई खाली उतरून खांबाकडे बघतच राहिल्या. लख्ख ऊन होतं.

"अहो, खांब काही आडवा आला नव्हता."

लोंबणारा आरसा बांधायला चिकटपट्टी हवी म्हणून अलकाताईंनी कप्पा उघडला. दाखल्यांखाली ती चौघडी त्यांच्या हाती लागली.

"मार्चपासून?" त्यांनी विचारलं.

"तुला सांगितलं असतं तर तू घर नको म्हणाली असतीस."

"मी गाडीत नसताना एखादं माणूस मेलं असतं, अहो. मग मी हा श्वास घेतला असता?"

खंडोजीने मान खाली घातली. परत येताना गाडी त्याने चालवली. घर घ्यायचं नाही, हे वेगळं सांगावं लागलं नाही. शहरात शिरताच, यशवंतपूरच्या आसपास, अलकाताईंनी पंपासाठी हात पुढे केला.

आता मी फाटकाआड उभी असते. माझी बॅटरी उतरली आहे. अलकाताईंना पंप आठ वेळा लागतो. दुसरं घर मिळालेलं नाही, आणि दोघंही एकमेकांना "मिळेल" असं सांगतात.

मित्रांनो, लांबचं शांत घर पाहाल तेव्हा हवेबरोबर एक गोष्ट अवश्य तपासा. तिथवर गाडी चालवणाऱ्याचे डोळे. त्याच्या गाडीभोवती एक फेरी मारा. ओरखडे एकाच अंगावर असतील तर त्याच्यावर चिडू नका. जवळ बसा आणि विचारा. आम्हा गाड्यांना सगळं कळतं, पण बोलायचं तुम्हालाच आहे.

रविवारी रत्नाकरराव मला अजून पुसतात. मग दोघंही आत येऊन बसतात, आपापल्या जागी, काचा लावून. बाहेर खोदकाम चालू असतं.

"डावीकडून ऑटो," अलकाताई धापा टाकत म्हणतात.

आणि रत्नाकरराव ब्रेकवर पाय ठेवतात.