पश्चिमेची भिंत आणि वीतभर अंगण

मी एक जुनी भिंत आहे, आणि माझा स्वभाव चांगला नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला वाईट वाटायला नको.

शेवगावपासून चार कोसांवरच्या एका गावात मी उभी आहे. पुंजाराम नावाच्या शेतकऱ्याने हे माळवदाचे घर बांधले. गावाबाहेरच्या पांढरीची माती गाढवांवरून आणली, तिच्यात भूस कालवले, घरच्या बायांनी ती पायांनी तुडवली. तीन भिंती दोन-दोन हात रुंद झाल्या. माझी पाळी आली तेव्हा मातीही संपली आणि पुंजारामाचा उत्साहही. मी एक हात रुंदीवरच थांबले. सगळ्यांत जास्त ऊन पश्चिमेला, आणि तिथेच सगळ्यांत बारीक भिंत! हे शहाणपण माझे नव्हे.

तरी पुंजाराम होता तोवर माझे बरे चालले होते. त्याने माझ्या बाहेरच्या अंगाला छप्पर घातले होते. त्या सावलीत बैल बांधलेले असत. दर दिवाळीला घरच्या बाया मला शेणामातीने लिंपत. पाहुणे आत येत आणि म्हणत, "खोली लई गार हाय." मला ते आवडायचे. खोटे कशाला बोलू?

पुंजाराम गेला आणि त्याच्या दोन मुलांनी वाटणी केली. भिंतीसकट घर थोरल्या रंगनाथाला मिळाले. माझ्यापलीकडचे अंगण आणि त्यातल्या दोन खोल्या धाकट्या बन्सीला. दोरी लागली ती थेट माझ्या अंगाला घासून. दुसऱ्याच दिवशी बन्सीने छप्पर पाडले, कारण त्याचे खांब आता त्याच्या अंगणात उभे होते. तेव्हापासून मी उघडी पडले. दुपारभर ऊन पिते आणि दिवेलागणीला ते सगळे आत ओकते. त्यात माझा दोष किती, हे तुम्हीच ठरवा.

बहात्तर साली पाऊस झालाच नाही. जनावरे छावणीत गेली, माणसे खडी फोडायला गेली. पुढच्या वैशाखात रंगनाथाची लेक पुष्पावती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि माझ्याच खोलीत तिला मुलगी झाली. दुसऱ्या खोलीत देव आणि चूल, म्हणजे सव्वा महिना तिकडे जायचे नाही. बाहेरही बसायचे नाही, वारे लागते म्हणून. दाराला घोंगडी. आणि एका बाजूला मी, तापलेल्या तव्यासारखी.

पंधराव्या दिवशी पोर अंगाला चटका बसावा इतके तापले. दूध ओढेना. टाळू खोल गेली. पुष्पावतीची आई ओले फडके फिरवत होती, पण घागरभर पाण्यासाठी कोसभर जावे लागे. फडके तरी किती वेळा भिजवणार?

रंगनाथाने कानिफनाथ गवंड्याला बोलावले. माणूस कामाचा होता. त्याने मला तळहात लावला आणि झटकन काढला.

"आतून काय बी करून उपेग न्हाई," तो म्हणाला. "ऊन बाहीरच अडवाया पायजे. भिंतीपासनं चार बोटं सोडून तुरीच्या वाळल्या तुराट्यांचा ताटवा उभा करू, कुडासारखा. त्याला वरनं शेणमाती. मधल्या फटीत भूस. सगळं मिळून वीतभर जागा लागंल. दोन दिसांचं काम हाय."

"कर की मग," रंगनाथ म्हणाला.

"करतो. पण वीत तुमची न्हाई. बन्सीची हाय. इचारा त्याला."

इचारा! रंगनाथाला तो शब्द झोंबला. सख्ख्या भावाच्या दारात जायला त्याला वीस पावले लागली असती. तो गेला नाही. कुंपणाशी उभा राहून ओरडला, "बन्सी, उद्या भिंतीला ताटवा लावणार हाय. आडवा येऊ नको!"

बन्सीचा तिळपापड झाला. "दादा, बोटभर जागा देणार न्हाई! आधीच धा वर्सं दर दिवाळीला लिंपून लिंपून तुमी माझं अंगण खाल्लंय. पयलं ते काढून द्या!"

आणि मित्रांनो, हा प्राणी कुदळ घेऊनच आला. माझ्यावरचे लिंपण त्याने सोलले. दहा दिवाळ्यांचे थर ढेकळा-ढेकळाने खाली पडले, आणि मी होते त्याहूनही बारीक झाले. रंगनाथाने पंच बोलावले. पंचांनी दोरी मागवली. मग दोरी लिंपणापासून धरायची की मूळ मातीपासून, यावर तीन दिवस वाद चालला. आत पोर रडायचेही थांबले होते. मोजणारे सकाळच्या वेळी माझ्या सावलीत बसून तंबाखू मळत होते, म्हणून मी त्यांच्या डोक्यावर माती सांडली. तेवढेच मला जमले.

चौथ्या दिवशी बन्सीची बायको झुंबरबाई उठली. जळणासाठी राखलेल्या तुराट्यांच्या पेंढ्या तिने परसातून ओढत आणल्या आणि मला टेकवून उभ्या करू लागली. एकीवर एक, एकीपुढे एक, चांगली दोन हात जाड रांग.

"अगं, काय करतीस?" बन्सी ओरडला.

"माझं अंगण, माझ्या तुराट्या. कुठं रचायच्या ते पंचांना इचारू व्हय?" ती थांबली नाही. "ह्या भिंतीचं तोंड बघून बघून डोकं उठलंय माझं. झाकून टाकते."

आता बन्सी तिला अडवणार कशाने? अंगण आपलेच म्हणून तर तो भांडत होता. पण रंगनाथ तरातरा आला. "माझ्या भिंतीला टेकू देणार न्हाई! कुणाला इचारून टेकवल्या?" आणि तो पेंढ्या उपसायला लागला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

तेवढ्यात घोंगडी बाजूला झाली. सव्वा महिना व्हायचा होता, तरी पुष्पावती पोरीला छातीशी धरून भर उन्हात बाहेर आली.

"आबा, अजून एक पेंढी काढली तर हितंच उन्हात बसंन हिला घेऊन," ती म्हणाली. आवाज न चढवता ती चुलत्याकडे वळली. "तात्या, तुमी बी ऐका. ही मेली तर दोरी लावून मोजा, किती जागा लागती ते."

रंगनाथाचा हात खाली आला. पंच उठून गेले.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा आत काहीच ओकले नाही. तिसऱ्या दिवशी पोर दूध ओढू लागले. सव्वा महिना भरल्यावर जावई न्यायला आला. झुंबरबाईने पुतणीची ओटी भरली, पुष्पावती तिच्या पाया पडली. बाप आणि चुलता दोन बाजूंना उभे होते. ती त्या दोघांच्या मधून निघून गेली.

त्या सालच्या पावसात तुराट्या कुजल्या. नव्या कुणी लावल्या नाहीत. मित्रांनो, भिंतीला लिंपायला शेणमाती पुरते, पण बाहेरच्या अंगाला जो राहतो त्याच्याशी बोलणे ठेवावे लागते. ते नसेल तर माझ्यासारखी भिंत घराला चटकेच देणार.

पुष्पावतीला पुढे दोन मुलगे झाले. दोन्ही बाळंतपणे तिने सासरीच केली. रंगनाथ न्यायला गेला होता, तिने पाणी दिले आणि परत पाठवले. वीतभर जागा मात्र दोघा भावांनी अगदी जपून ठेवली आहे. तिथे आता कुत्रेही बसत नाही. दुपारनंतर माझी झळ लागते.