शेपूट असलेला ठिपका

मी एक जुनी रेड डॉट साइट आहे. मित्रांनो, नाव ऐकून बिचकू नका. खेळातल्या बंदुकीच्या पाठीवर बसणारी अंगठ्याएवढी नळी, एवढीच मी. माझ्या पोटात एक बारीक दिवा आहे आणि समोर तिरकी काच. माझ्यातून बघणाऱ्याला काचेत लाल ठिपका दिसतो. तो निशाणावर ठेवायचा आणि चाप ओढायचा.

कारखान्यात मला हलवलं, तापवलं, पाण्यात बुडवलं. ठिपका जागचा हलला नाही, म्हणून माझ्यावर पसंतीची चिठ्ठी चिकटवली. मग मी दुकानातल्या काचेच्या कपाटात आले. तिथे मला करमेना. जो तो उचलायचा, डोळ्याला लावायचा आणि खाली ठेवायचा.

एके दिवशी बस चालवणारे एक काका आले, बरोबर काकूही होत्या. सुट्टीच्या दिवशी दोघं मैदानावर प्लास्टिकच्या गोळ्यांचा खेळ खेळत आणि नेमबाजीच्या हॉलमध्ये कागदी निशाणावर नेम धरत. काकांनी आधीच दोन साइट परत केल्या होत्या.

"यावेळी मोठा ठिपका द्या," काका म्हणाले.

"पळापळीच्या खेळाला मोठा चालतो," दुकानदार म्हणाला. "कागदासाठी छोटा घ्या. मोठा ठिपका निशाणच झाकून टाकतो. आणि उजेड ठिपका दिसेल इतपतच ठेवा." त्याने मला पुढे केलं. "पण ही परत आली, तर मी फोडून हिची काच काढून घेणार."

काकू म्हणाल्या, "अहो, मी चपला घ्यायला एवढा वेळ लावला असता, तर तुम्ही बाहेर जाऊन बसला असतात."

काकांनी मला घेतलं. पण हॉलमध्ये पहिल्याच नेमाला ते कुरकुरले, "हिचाही ठिपका फुटतोय. शेपूट आहे याला." त्यांनी उजेड वाढवत शेवटपर्यंत नेला. ठिपका आणखीच पसरला. गोळ्या निशाण सोडून भलतीकडे गेल्या. माझा जीव कासावीस झाला. मी गोल ठिपकाच दाखवत होते आणि सांगायला मला तोंड नव्हतं.

काकूंनी डोळा लावला. "मला तर गोल दिसतोय."

"तुझं काय, तुला माझं पोटही गोलच दिसतं."

"ते सगळ्या हॉलला दिसतं."

दुसऱ्या दिवशी मी परत जाणार होते. बंदुकीच्या पेटीत पडून मी फुटण्याची वाट बघत होते. सकाळी काकूंनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतलं, पान्याने बंदुकीवरून सोडवलं आणि काकांच्या डोळ्यासमोर धरलं.

"शेपूट कुठे आहे?"

"वर, उजवीकडे."

काकूंनी मला उलटं केलं. "आता?"

काका बराच वेळ बघत राहिले. "तिथेच."

"खोट हिच्यात असती, तर शेपूट हिच्याबरोबर फिरलं असतं," काकू म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "अहो, सिग्नलचे दिवेही असेच पसरतात का?"

काकांनी मला टेबलावर ठेवलं. "संध्याकाळच्या फेरीला पसरतात."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. डेपोत कळलं तर गाडी काढून घेतील, म्हणून बोललो नाही."

"मागे चाळीस माणसं बसलेली असतात हो."

त्याच दिवशी काका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले आणि डेपोतही सांगून आले. तीन आठवडे ते डेपोत टेबलावरचं काम करत होते. मग चष्मा आला, तपासणी झाली आणि गाडी परत मिळाली. घरी येऊन त्यांनी आधी मला पेटवलं. "गोल आहे," ते म्हणाले.

तेव्हापासून कामावर निघण्याआधी काका मला पेटवतात, एकेका डोळ्याने भिंतीकडे बघतात आणि तेच दोन शब्द म्हणतात. पुढे गुडघ्यांनी त्यांचा खेळ सोडवला. सदऱ्याच्या टोकाने पुसून पुसून माझ्या काचेवर ओरखडे आले. पण हे काम सुटलं नाही. ते दोन शब्द ऐकेपर्यंत मला रोज चैन पडत नाही.

आज सकाळी काकांनी डोळा लावला आणि ते गप्प राहिले. त्यांनी स्वतःच मला उलटं केलं. पुन्हा सुलटं केलं. मी जीव एकवटून पेटले होते. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून खुंटीला अडकवली.

"अगं, मी आज गाडी काढत नाही. डेपोत कळवतो आणि डॉक्टरांकडे जाऊन येतो."

काकूंनी मला विझवलं आणि मऊ फडक्याने माझी काच पुसली.

मित्रांनो, माझ्यासारखीला हाताळलंत, तर काम झाल्यावर दिवा विझवा आणि काच मऊ कापडानेच पुसा. आणि एखादी वस्तू खराब म्हणून टाकून देण्याआधी तिला एकदा उलटी करून बघा. खोट आपल्यात निघाली, तर लपवू नका.

दुपार झाली. टोपी अजून खुंटीवरच आहे. जिन्यात पाऊल वाजलं की मला वाटतं, काका आले.