सदूला पास करणारा पट्टा

मित्रांनो, पैज लागली सोसायटीच्या गेटवर, कटिंग चहा पिताना. पाण्याच्या पंपावर हेल्पर असलेला सदू म्हणाला, "मी ऑपरेटरची परीक्षा पास झालो, तर बायकोची, सरूची नऊवारी नेसून इथेच नाचेन."

शेजारचा महिपत म्हणाला, "नापास झालास तर मी मिशी काढतो. पण रोज अर्धा तास पट्टा बांधायचा."

तो पट्टा म्हणजे मी. डोक्याला बांधायचा, जुना. दोन ओले स्पंज, दोन वायरी, एक चौकोनी बॅटरी. कपाळावर बारीक करंट सोडला की डोकं तल्लख. माझं पहिलं घर पूनम सागर कॉम्प्लेक्समधला एक क्लास. तिथे दसऱ्याला मला हार घालायचे, खोटं नाही सांगत. बाहेर बोर्ड होता, 'बुद्धी वाढवून मिळेल', चक्कीवर 'दळून मिळेल' असतो तसा. मग क्लास बंद पडला आणि मी भंगारवाल्याच्या गोणीत दोन वर्षं मिक्सरच्या भांड्यात पडून होतो. महिपतने मला तिथून उचललं.

सदू तीनदा नापास झालेला. ही शेवटची संधी. पास झाला तर पर्मनंट, नाहीतर कॉन्ट्रॅक्ट खलास, आणि पोरीचं, संचिताचं, कॉलेजही.

"शॉक लागून मेलो तर?" सदूने विचारलं.

"तर पैज रद्द."

पंधरा दिवसांत व्हॉल्व, प्रेशर, हॉर्सपॉवर, सगळं पाठ. महिपत कुठलंही पान उघडायचा, सदू फडाफड बोलायचा. मला छाती नाही, पण स्पंज फुगायचे.

एक गोष्ट मात्र फक्त त्याच्या बायकोने, सरूबाईने पाहिली. रत्नागिरीकडे गावी गणपतीत जाखडीच्या नाचाला मृदंग सदूचाच. इथेही हात गप नसायचे. डब्यावर, बादलीवर, तिच्या पाठीवर ठेका चालूच. ती शिव्या घालायची. एका संध्याकाळी तीच म्हणाली, "अहो, डबा वाजवा ना जरा."

सदूने डबा घेतला. बोटं उचलली. थांबली. ओठ हलले, एक, दोन, तीन. मग थाप पडली. उशिरा.

"सोडा तो पट्टा."

"आठ दिवस राहिलेत, सरू. मृदंगाने कोण पर्मनंट करतं काय?"

तिने डबा परत फळीवर ठेवला. त्याने मला कपाळाला बांधलं. मी करंट सोडला.

सदू पास झाला. यादीत दुसरा आला.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा असं सगळेच सांगतात. मला नाही जपलंत तरी चालेल, माझी बॅटरी कुठल्याही दुकानात मिळते. पण कुणाच्या कपाळाला बांधाल, तर आधी त्याच्या घरच्यांना विचारा, ह्याचं काय गेलेलं तुम्हाला चालणार नाही? मला ते विचारता येत नाही. मी नुसता चालू होतो.

रविवारी गेटवर ही गर्दी. सदू हिरव्या नऊवारीत, पदर खोचून आला. महिपतने मला मुकुट म्हणून त्याच्या डोक्यावर बसवलं आणि मृदंग स्वतःच्या गळ्यात घातला. नाच सुरू झाला. सदूचा पाय उशिरा पडला. परत उशिरा. लोक हसून लोळायला लागले.

"मुद्दाम चुकतोय रे, एक नंबर!"

"सदूभाऊ, वन्स मोर!"

सरूबाई तोंड फिरवून घरात गेली. मला वरून सदूचं मोजणं स्पष्ट ऐकू येत होतं, एक, दोन, तीन, चार. महिपतलाही ते ओठ दिसले असावेत, कारण त्याचं हसू गेलं. त्याने ठेका हळू केला. मग आणखी हळू, सदूचा पाय त्याला गाठेल इतका.

तरी पाय उशिराच पडला.