स्टेकलीबाईंचं घुबड

आठवड्याचे पाच दिवस मी शाळेची बस चालवायचो आणि शनिवार-रविवार वेंडलची गाडी. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, भारी कॅमेरेही त्याचेच. माझ्याकडे त्याने वापरून टाकलेला एक जुना कॅमेरा होता. अकरा वर्षं आम्ही असे हिंडलो. ह्युरॉन सरोवराचा काठ, मेपलची रानं, ओस पडलेली धान्याची कोठारं, गोठलेले धबधबे. शनिवारी पहाटे दारात हॉर्न वाजला की मी थर्मास घेऊन निघायचो. माझी बायको डॉरीन गेल्यापासून त्या हॉर्नशिवाय मला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी जे केलं, किंवा केलं नाही, ते त्यामुळे.

वेंडलचं गावात चष्म्याचं दुकान होतं. माणूस हुशार, बोलायला तिखट. आमच्या फोटो क्लबात त्याच्या चित्राला दरवर्षी काही ना काही बक्षीस असायचंच. मी काढलेलं काही दाखवलं की तो चष्मा कपाळावर चढवून बघायचा.

"गार्नेट, हे काय आहे? बर्फात कुणाचा हातमोजा पडलाय का?"

"कोल्हा आहे तो."

"मग त्याला सांग, तू कोल्हा आहेस म्हणून. त्यालाही माहीत नसावं."

मी हसायचो. सवय होती.

त्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी आम्हाला स्टेकलीबाईंच्या शेतात हिमघुबड दिसलं. ही घुबडं उत्तरेकडून उतरतात, मोकळ्या शेतांत हिवाळा काढतात, मार्चात परत जातात. दिवसाढवळ्या शिकार करतात, म्हणून फोटोवाले त्यांच्यामागे वेडे असतात. हे कुंपणाच्या खांबावर बसलं होतं. पांढरं, अंगावर करड्या रेघा, डोळे पिवळेजर्द.

गाडी बघून बाई बाहेर आल्या. वय ऐंशीच्या पुढे, पायात नवऱ्याचे रबरी बूट. ऐकायला कमी यायचं. कानातलं यंत्र असायचं, पण बऱ्याचदा एप्रनच्या खिशात.

"बघायला आलात ना त्याला?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "खुशाल बघा. कुंपणाच्या आत मात्र जाऊ नका, बुजतं ते. तीन आठवडे झाले आलंय. मी सकाळी कॉफी घेऊन खिडकीशी बसते, ते खांबावर बसतं. दोघांचं बरं चाललंय."

मग त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरात नेलं आणि बटर टार्ट नावाच्या गोड, खुसखुशीत वाट्या खायला घातल्या. त्यांचा मुलगा डॉयल शहरात असायचा. दर फोनला 'घर विक, वृद्धाश्रमात जा' म्हणून मागे लागायचा, हेही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "मी म्हटलं, अजून मला चूल पेटवता येते, हिशेब जमतो, माझं नाव आठवतं. कशाला जाऊ?" आणि खळखळून हसल्या.

त्यानंतर दर शनिवारी आम्ही तिथेच. पण घुबड लांब खांबावर बसून राहायचं. झोपायचं. उडालं तर पाठ करून उडायचं. वेंडल वैतागला.

तिसऱ्या शनिवारी गाडीच्या मागच्या सीटवर पुठ्ठ्याचा खोका होता, वर भोकं पाडलेला. आत खुडबुड चालली होती.

"काय आहे त्यात?"

"भाडोत्री कलाकार," वेंडल म्हणाला. पाळीव प्राण्यांच्या दुकानात सापांना खायला घालायचे उंदीर मिळतात, ते त्याने आणले होते.

"वेंडल, हे बरं नाही. क्लबाच्या नियमातही बसत नाही."

"क्लब इथे आहे का? मला तर फक्त एक ड्रायव्हर दिसतोय."

बाईंच्या खिडकीतून दिसणार नाही अशा वळणावर मी गाडी उभी केली. वेंडलने शेपटीला धरून एक उंदीर बर्फावर सोडला. बिचाऱ्याला बर्फ माहीत नव्हता. तो जागच्या जागी गोल फिरू लागला, मग अंग आखडून बसला. घुबड खांबावरून उतरलं, जमिनीलगत सरळ आमच्याकडे आलं, पंख पूर्ण उघडलेले, पाय पुढे. कॅमेरा खडखडत राहिला.

"बघितलंस?" वेंडलचा आवाज कापत होता. "अकरा वर्षांत असं काही मिळालं होतं का?"

नव्हतं मिळालं. खोटं कशाला बोलू, मीही चार फोटो काढले.

जानेवारीभर हेच चाललं. आधी उंदीर सोडायचे, मग बाईंकडे जाऊन टार्ट खायचे. पुढे पुढे घुबड शिकलं. रस्त्याकडेला कुठलीही गाडी थांबली की ते खांब सोडून गाडीकडे यायला लागलं. एकदा बाई आनंदाने म्हणाल्या, "हल्ली पार रस्त्यापर्यंत येतं हो! धीट झालंय." वेंडल म्हणाला, "तुमची माया लागली असणार त्याला." त्या लाजल्या.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी वेंडलला उजेड हवा तसा मिळेना, म्हणून त्याने उंदीर रस्त्याच्या पलीकडच्या कडेला ठेवला. घुबड रस्ता ओलांडून येत होतं आणि दुधाचा टँकर आला. ड्रायव्हरची चूक नव्हती; त्याला काही दिसलंही नसेल. आवाज फार झाला नाही. टँकर निघून गेला तेव्हा घुबड खड्ड्यात पडलं होतं, एक पंख उलटा झालेला. मान ताठ धरून ते आमच्याकडे बघत होतं आणि चोच वाजवत होतं.

"डॉक्टरकडे नेऊ," मी अंगातला कोट काढत म्हणालो.

"आणि काय सांगणार? कसं लागलं विचारतील. माग काढत आपल्या घरापर्यंत येतील." वेंडलने घड्याळ बघितलं. "मरतंय ते. थांब थोडं."

थोडं म्हणजे पस्तीस मिनिटं. गाडीत हीटर लावून आम्ही बसलो होतो. त्यानंतर वेंडलच्या सांगण्यावरून मी ते उचललं आणि रस्त्याखालून पाणी जायच्या नळीत आत ढकललं. इतकं मोठं पाखरू, पण वजन काहीच नव्हतं. वाचलेला उंदीर बर्फात कुठेतरी गेला.

बाईंना वेंडलने सांगितलं, "गेलं बहुतेक उत्तरेला."

"यंदा इतक्या लवकर?" त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "मला वाटलं होतं, मार्चपर्यंत राहील."

एप्रिलमध्ये गावच्या वाचनालयात क्लबाचं प्रदर्शन भरलं. मधल्या भिंतीवर वेंडलचं हिमघुबड, हातभर रुंद चौकटीत. पहिलं बक्षीस. बाईंना त्याने खास बोलावलं होतं. मीच जाऊन त्यांना घेऊन आलो. त्यांनी निळा पोशाख घातला होता, केसांना पिना लावल्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "आमच्या शेतातलं आहे हे."

गर्दी चांगली होती. तेवढ्यात शॉना नावाची एक मुलगी चित्रापुढे थांबली. विद्यापीठात पाखरांचा अभ्यास करायची. ती वाकून बघत राहिली, मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हा खालचा उंदीर कुठला?"

"शेतातला," वेंडल म्हणाला.

"शेतातल्या उंदराची शेपटी आखूड असते. याची लांब आहे आणि पाठीवर पांढरा डाग आहे. हा दुकानातला उंदीर आहे. कुणीतरी आमिष लावलंय. अशी घुबडं गाड्यांखाली मरतात, माहीत आहे ना तुम्हाला?"

क्लबाच्या अध्यक्षांनी वेंडलकडे बघितलं. वेंडलचे कान लाल झाले होते. पण हे क्षणभरच. त्याने मोठा सुस्कारा सोडला आणि आवाज खाली आणला.

"मला हे बोलायचं नव्हतं. स्टेकलीबाई घालायच्या त्याला उंदीर. एकट्या असतात, काय करणार? मी किती वेळा सांगितलं, घालू नका म्हणून. माझ्यापुढे घडलं ते मी टिपलं, इतकंच." मग तो बाईंकडे वळला आणि लाडाने, तोंडभर हसत म्हणाला, "हो ना, बाई? तुम्हीच त्याला जपलंत ना?"

बाईंच्या कानात यंत्र नव्हतं. इतक्या लोकांच्या गलक्यात ते शिट्टी मारतं म्हणून त्यांनी ते काढून पाकिटात ठेवलं होतं. येताना माझ्या गाडीत बसल्यावरच काढलं होतं, मी बघितलं होतं. त्यांना फक्त वेंडलचं हसू दिसलं आणि सगळ्यांची त्यांच्याकडे वळलेली तोंडं. त्यांना वाटलं, कौतुक चाललंय. त्यांनी जोरजोरात मान हलवली.

"हो, हो! रोज सकाळी!"

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. शॉनाने एकदा माझ्याकडेही बघितलं. मी वेंडलबरोबर असतो हे सगळ्यांना माहीत होतं. मी हातातल्या कागदी कपातल्या कॉफीकडे बघत राहिलो. बोललो असतो तर शनिवारचा हॉर्न बंद झाला असता. एवढंच कारण होतं, दुसरं शोधून सापडत नाही.

"बिचारी," कुणीतरी म्हणालं. "वय झालं की होतं असं."

बक्षीस वेंडलकडेच राहिलं.

गाव लहान. आठवड्यात वनखात्याचा माणूस बाईंच्या दारात समज द्यायला जाऊन आला. बाईंनी त्याला बजावून सांगितलं, "मी उंदीर घातले नाहीत." तो म्हणाला, "पण तुम्ही भर सभेत कबूल केलंत." नळी साफ करणाऱ्यांना घुबडाचा सांगाडा मिळाला, तोही बाईंच्याच माथी. रविवारी चर्चमध्ये त्यांच्या बाकावर जागा रिकामी राहायला लागली. आणि डॉयलला जे वर्षानुवर्षं हवं होतं ते आयतं हातात आलं. आई काय करते ते तिला आठवत नाही, याला आता साठ साक्षीदार होते. डॉक्टर झाले, कागद झाले. मे महिन्यात बाईंना आश्रमात नेलं.

हे सगळं मला कळत होतं. मी वेंडलबरोबर हिंडत होतो. जूनमध्ये आम्ही रानफुलांचे फोटो काढले.

ऑगस्टमध्ये मला झोप येईनाशी झाली. वेंडलला म्हटलं, "मी बाईंना जाऊन खरं सांगणार आहे."

तो भिंग पुसत होता. "सांग की. आता काय फरक पडतोय?" मग म्हणाला, "संध्याकाळी ये परत. रविवारी ब्रूस द्वीपकल्पाला जायचंय."

आश्रम स्वच्छ होता. बाई व्हरांड्यात बसल्या होत्या, शेजारी एक मदतनीस मुलगी त्यांची नखं कापत होती. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. मी घाबरत गेलो होतो. त्यांनी माझा हातच धरला.

"हा बघ, हा गार्नेट! याला विचार. हा होता तिथे." त्या मुलीला म्हणाल्या, "हिला खरं वाटत नाही. सांग तिला, घुबड माझ्याकडे कसं यायचं."

मला कळेना. मुलगी हसून म्हणाली, "आजी रोज सांगतात. त्यांच्या हातून उंदीर घ्यायचं म्हणे ते."

"आधी मला आठवत नव्हतं," बाई म्हणाल्या. "डॉयल म्हणायचा, आई तू घालायचीस. सगळेच म्हणायचे. मी भांडायचे. मग एक दिवस आठवलं. उंदीर तळहातावर ठेवायचे आणि नुसती उभी राहायचे, थंडीत. ते यायचं. पंखांचा वारा तोंडावर लागायचा. मनगटावर बसायचं गार्नेट, या इथे. नखं टोचायची पण मी हलायचे नाही."

त्यांनी मनगट पुढे केलं. तिथे नुसती सुरकुतलेली कातडी होती.

मी 'हो' म्हणू शकलो असतो. एक शब्द. पण मी तीन रात्री शब्द जुळवून आलो होतो, मला ते ओझं उतरवायचं होतं. मदतनीस मुलगी आत गेल्यावर मी सगळं सांगितलं. खोका, दुकान, वळण, टँकर, नळी. त्यांच्या यंत्राजवळ तोंड नेऊन, सावकाश, एकेक शब्द.

"तुम्ही एकही उंदीर घातला नाहीत, बाई. तुम्हाला काहीही झालेलं नव्हतं."

त्यांनी यंत्र कानात नीट दाबून बसवलं.

"म्हणजे मी ठीक होते?"

"पूर्ण ठीक होतात."

"मग मी इथे का आहे?"

मी खाली बघितलं.

"आणि ते माझ्याकडे कधी आलंच नाही?"

"नाही."

"खांबावर बसायचं, तेवढंच?"

"तेवढंच."

त्यांनी मनगट दुसऱ्या हाताने झाकलं. "तुला हे आज सांगायचं सुचलं," त्या म्हणाल्या. रागाने नाही, कुणी उशिरा आलं की आपण म्हणतो तसं. मग मदतनीस मुलीला हाक मारली आणि म्हणाल्या, "या माणसाला दार दाखव. मी ओळखत नाही याला."

खरं सांगायचं तर गाडीत बसल्यावर मला हलकं वाटलं. त्या संध्याकाळी मी वेंडलकडे गेलो नाही. रविवारी हॉर्न वाजला, मी दार उघडलं नाही. तिसऱ्या रविवारपासून वाजायचा थांबला. क्लबाला पत्र लिहिलं. अध्यक्षांचं उत्तर आलं की जुनं प्रकरण पुन्हा उकरायची समितीची इच्छा नाही.

आठवड्याने डॉयलचा फोन आला.

"तू काय सांगितलंस आईला? चार दिवस जेवत नाहीये. बॅग भरून दारात बसते, घरी सोडा म्हणते."

मी त्यालाही सगळं सांगितलं.

"घर जुलैत विकलं," तो म्हणाला. "नव्या लोकांनी पाडलंसुद्धा."

"मी येऊन त्यांच्याशी बोलू का?"

"तुझं अजून काही बोलायचं राहिलंय?" त्याने विचारलं आणि फोन ठेवला.