दहा आकडे

"तिचं वाक्य तुम्ही पुरं करायचं नाही. मनात दहा आकडे मोजा, पण थांबा."

वाचाशिक्षिका ओताविया बाईंनी हे बजावलं, त्याला तीन वर्षं झाली. स्मरांदाला कळतं सगळं; शब्द जुळवायला मात्र वेळ लागतो, आणि तो मोठेपणीही लागणार. तिची आई वेता इटलीत म्हातारी माणसं सांभाळायला गेली, तेव्हा वेताच्या हातावर हात ठेवून मी कबूल केलं होतं: थांबेन.

मंगळवारी शाळेत समिती बसली. पोर इथे राहणार की शहरातल्या वेगळ्या शाळेत जाणार, ते ठरायचं होतं. मुख्याध्यापक सूर्यफुलाच्या बिया फोडत होते. ओली टरफलं तिच्याच कागदांवर पडत होती.

"काय गं, सुट्टीत काय केलंस?" त्यांनी स्मरांदाला विचारलं.

"मी... बकरी... काल नाही, आधी..."

"ब-क-री," वर्गाच्या कोर्नेलिया बाईंनी तिची नक्कल केली. "तिसरीत आहे बरं का. आमचं मांजर हिच्यापेक्षा जास्त बोलतं."

मुख्याध्यापक हसले. दातांत चिकटलेला चोथा दिसला. आणि मी तोंड उघडलं.

"आजोबांच्या बकरीला दोन पिल्लं झाली, ती हिनं सांभाळली." घडाघडा बोलले. मी तिची नाशा, धर्मआई. बाप्तिस्म्याला पाद्रीबाबांनी तान्हीला विचारलं, "सैतानाला सोडलंस?" तेव्हा "सोडलं" मीच म्हणाले होते. आमच्यात पोराच्या वतीनं बोलणं हाच नाशाचा मान.

मुख्याध्यापकांनी लिहिलं: स्वतः बोलत नाही.

"अहो, तिला वेळ..."

"ताई, तुम्हीच थांबला नाहीत की. उद्या दहाला शहरातल्या शाळेच्या कागदावर सही होईल."

बाहेर स्मरांदानं माझी बाही ओढली. "तीन," म्हणाली. मी मोजू लागले. दहा झाले, वीस झाले.

"तीन पिल्लं. एक... मेलं. मी पुरलं. एकटी."

हे मला ठाऊकच नव्हतं. त्या टरफलांपेक्षा मला माझ्याच तोंडाची किळस आली.

आज बुधवार, माझा उपास. दूध, अंडी, तेल वर्ज्य. येशूच्या तसबिरीपुढे दिवा लावताना उपासात एक भर घातली: त्या खोलीत माझा शब्द वर्ज्य. मुख्याध्यापकांसाठी चिठ्ठीत एवढंच लिहिलं, 'तिला पुन्हा विचारा आणि थांबा.' चिठ्ठी खिशात ठेवली, स्मरांदाची वेणी घातली आणि साडेनऊला आम्ही निघालो.

विहिरीपाशी तिनं सुरुवात केली, "नाशा, मी तिथं..."

मी मोजू लागले.